जीपवाल्यांचं कूपरेज

(कूपरेज मैदान, सकाळ. शाळकरी पोरांचा सराव. मागे उंच इमारती.)

चर्चगेटला उतरायचं, ओव्हल डाव्या हाताला ठेवून सरळ चालत सुटायचं. मैदान संपलं, रस्ता ओलांडला की कूपरेज. आता दिसतंय ते हिरवं गवत कृत्रिम आहे. आमच्या वेळी खरं होतं, म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि मे महिन्यात धूळ. गोलकीपर उठायचा तेव्हा जर्सीवरचा नंबर वाचता यायचा नाही.

या मैदानावर महिंद्रा युनायटेड, जीप बनवणाऱ्या महिंद्रा कंपनीचा फुटबॉल संघ, खेळायचा. देशभरचे पत्रकार त्यांना जीपमेन म्हणत, आम्ही जीपवाले. कांदिवली, मालाड, बोरिवलीहून येणारे आम्ही पाच-सहा जण. मॅच दुपारची असायची, त्यामुळे कचेरीत सांगायची कारणं आधीच ठरवून ठेवावी लागत.

(टेबलावर पसरलेली तिकिटं, वर्तमानपत्रांची कात्रणं. कॅमेरा सावकाश सरकतो.)

ही कात्रणं बघताना एक लक्षात घ्या. मुंबईचा फुटबॉल कुणा एका क्लबानं उभा केला नाही, तो कंपन्यांच्या हजेरीपटावर उभा राहिला. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, खतं बनवणारी आरसीएफ, रेल्वे, बँका. पोराचा पाय चांगला दिसला की कुणीतरी साहेबांच्या कानावर घालायचं आणि पोरगा नोकरीला लागायचा. सकाळी सराव, मग कामावर हजेरी, मॅचच्या दिवशी सुट्टी. घरात पगाराची पावती दिसली की आईपासून बूट लपवावे लागत नसत. नागपाड्याचा, वांद्र्याचा, धोबीतलावचा कितीतरी खेळ या एका सोयीवर तगला. आज याला कुणी व्यावसायिक फुटबॉल म्हणणार नाही. पण तेव्हा घर त्यावरच चालायचं.

महिंद्राचा संघ 1962 सालचा. तोही असाच, कंपनीचा. 1996 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि हिशेब बदलला. आता वर्षभर खेळायचं, बाहेरून खेळाडू आणायचे, पूर्णवेळ प्रशिक्षक ठेवायचा. पुष्कळ कंपन्यांना हे झेपलं नाही, त्या बाजूला झाल्या. महिंद्रा टिकला. देशातल्या मोठ्या स्पर्धाही जिंकला : 1998 ला ड्युरंड चषक, 2001 ला पुन्हा ड्युरंड, 2003 ला फेडरेशन चषक.

(जुना फोटो : गर्दीनं भरलेला स्टँड.)

हा फोटो दाखवायला थोडी लाज वाटते. एवढी गर्दी आमची नव्हे. कोलकात्याचे मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल आले की मुंबईतले सगळे बंगाली बाबू कूपरेजवर उतरत आणि घरच्या मैदानावर आम्ही पाहुणे होऊन बसत असू. एरवी स्टँड निम्मा रिकामा. क्रिकेटच्या या शहरात आम्हाला त्याची सवय होती. एक फायदा मात्र होता : आपण काय ओरडलो ते खेळाडूला नीट ऐकू जायचं.

(संघाचा फोटो. एकेका चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो.)

आणि हा 2005-06 चा हंगाम. बघा जरा चेहरे. जोसे रामिरेझ बारेटो, ब्राझीलचा. कोलकात्यात ज्याला डोक्यावर घेतलं, तो त्या वर्षी आमच्याकडे होता. युसिफ याकुबू, घानाचा. एन. पी. प्रदीप, केरळचा. विंगवर आपला स्टीव्हन डायस, मुंबईचा. त्याचा क्रॉस सुटला की आम्ही चेंडूकडे न बघता गोलकडे बघायचो. प्रशिक्षक डेरिक परेरा, गोव्याचे. मुंबईचा संघ म्हटल्यावर आणखी कसा असणार?

पहिली राष्ट्रीय लीग पंजाबच्या जेसीटीनं जिंकली होती. त्यानंतर सलग आठ वेळा चषक एकतर कोलकात्याला गेला, नाहीतर गोव्याला. 2006 मध्ये तो मुंबईत आला. ईस्ट बंगाल दुसरा, मोहन बागान तिसरा. त्याच हंगामात फेडरेशन चषकही आमचाच. हे वाक्य मी लग्नाकार्यात, लोकलमध्ये, जमेल तिथे ऐकवलेलं आहे. इथेही ऐकवतो : 2006 मध्ये भारताचा फुटबॉल विजेता मुंबईचा होता.

पुढल्या वर्षी संघ आशियातल्या क्लबांच्या एएफसी चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. आणि 2007 च्याच ऑगस्टमध्ये दिल्लीत भारतानं सीरियाला 1-0 हरवून पहिल्यांदा नेहरू चषक ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. तो एकमेव गोल प्रदीपचा. सगळा देश ‘भारताचा प्रदीप’ म्हणत होता. आम्ही टीव्हीसमोर ‘आपला प्रदीप’ म्हणत होतो.

(घडी घातलेली जर्सी. इथे निवेदन नाही. दहा सेकंद.)

2010 मध्ये संघ बंद झाला. कंपनी शालेय फुटबॉलकडे वळली, खेळाडू पांगले.

(पुन्हा मैदान. पोरांचा सराव संपत आला आहे, प्रशिक्षक शिट्टी वाजवतो.)

या पोरांना विचारलं, तर मुंबईत फुटबॉल 2014 मध्ये आला. मुंबई सिटी हा क्लब आला, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग आली, टीव्हीवर रोषणाई आली. 2021 मध्ये मुंबई सिटी विजेता झाला तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोला. पण आज भारतीय संघाचा प्रशिक्षक असलेला खालिद जमील एकेकाळी याच महिंद्राकडून खेळायचा, हे त्या पोरांना कुणी सांगितलेलं नाही. सांगितल्यावर त्यातल्या एकानं लगेच विचारलं, ‘व्हिडिओ आहे का?’

नाही. तुम्ही पाहिलंत तेवढंच आमच्याकडे आहे : फोटो, तिकिटं, कात्रणं. 2005-06 च्या हंगामातल्या कूपरेजवरच्या एखाद्या मॅचची कुणाच्या माळ्यावर कॅसेट असेल, सीडी असेल, तर खाली काढा आणि आम्हाला कळवा. बुरशी लागली असली तरी टाकून देऊ नका. एक ओळखीचा दुकानदार आहे, तो साफ करून देतो.