पलंगापासून न्हाणीघरापर्यंत

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय ‘ज्येष्ठांचे घरातील आरोग्य आणि सुरक्षितता’ असा छापला आहे. हा विषय एका संध्याकाळीत आटोपणारा नाही, म्हणून मी त्यातील एकच तुकडा निवडला आहे. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतचे जे दहा-बारा पावलांचे अंतर रात्री दोन वाजता किंवा पहाटे चार वाजता, अर्धवट झोपेत, चष्मा न लावता आणि घरच्यांची झोपमोड नको म्हणून दिवाही न लावता चालले जाते, त्या अंतराविषयी मी बोलणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात आणि त्यांत साठीपुढील लोकांचे प्रमाण सर्वाधिक असते. तरीही आपण ‘वय झाले, तोल गेला’ एवढेच म्हणून गप्प बसतो. माझे म्हणणे असे की बहुतेक वेळा त्या पडण्यामागे चार-पाच कारणांची साखळी असते आणि तिची एखादी कडी आपल्याला आधीच काढून टाकता येते.

पहिली कडी रक्तदाबाची. झोपलेला माणूस उभा राहिला की सुमारे अर्धा लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. तरुण शरीर काही क्षणांत रक्तवाहिन्या आवळून आणि नाडीचा वेग वाढवून मेंदूचा पुरवठा सांभाळते. वय वाढले की ही प्रतिक्रिया मंदावते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टर त्याला दोष मानतात. आपल्याकडे मात्र रक्तदाब बहुधा खुर्चीवर बसवूनच मोजला जातो, त्यामुळे हा दोष लक्षातच येत नाही. पुढच्या तपासणीच्या वेळी ‘झोपवून आणि मग उभे करून मोजा’ अशी विनंती डॉक्टरांना जरूर करा. घरी उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडून एक-दोन मिनिटे बसावे, पावले वर-खाली हलवावीत आणि मगच उभे राहावे.

दुसरी कडी औषधांची. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधे, प्रोस्टेटसाठी दिली जाणारी काही औषधे आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांपैकी दोन-तीन एकत्र आली की रात्रीचे उठणेही वाढते आणि उठल्यावरची चक्करही वाढते. लघवीची गोळी संध्याकाळऐवजी सकाळी घेतली तर चालेल का, एवढा एक प्रश्न विचारल्यानेही कित्येकांची रात्र बदलते. मनाने मात्र कोणतेही औषध बंद करू नये. घरातील सगळी औषधे, काढे आणि चूर्णेसुद्धा, एका पिशवीत घालून वर्षातून दोनदा एकाच डॉक्टरांपुढे ठेवावीत. मधुमेह असणाऱ्यांनी एकादशीच्या किंवा चातुर्मासातील उपवासाला गोळी किंवा इन्सुलिन किती घ्यायचे, हे आधी विचारून ठेवावे, कारण नेहमीचा डोस घेऊन पोट रिकामे ठेवले की साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि त्यातून येणारी घेरी अनेकदा अशक्तपणा म्हणून सोडून दिली जाते.

घराविषयी थोडक्यात सांगतो. जुन्या साडीचे, प्रेमाने शिवलेले पायपुसणे गुळगुळीत फरशीवर ठेवले की ते घसरगुंडी होते. त्याखाली रबराची जाळी घाला किंवा ते उचलूनच टाका. भिंतीतील टॉवेलच्या दांडीला धरून उठू नका, ती माणसाचे वजन पेलण्यासाठी बसवलेली नसते. कमोडशेजारी भिंतीत पक्का रोवलेला हातधरा हवा. मोरीचा कट्टा आणि उंबरठा यांच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी ओढा. न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत पडलेला माणूस दाराला अडून राहिला तर आत ढकलायचे दार उघडता येत नाही. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा रात्रभर जळू द्या. त्याच्या विजेचा खर्च मोजू नका.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. माझी आई एकदा अशीच पहाटे पडली. हाड मोडले नाही, पण आम्ही सगळे घाबरलो आणि त्या दिवसापासून घरात एकच वाक्य सुरू झाले: ‘आई, तू बस, आम्ही करतो.’ भाजी निवडायची ताटली तिच्या हातात, पाण्याचा पेला हातात, देवपूजासुद्धा खुर्चीत. सहा महिन्यांनी तिला हातांचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना. तिचे पाय आमच्या प्रेमाने दुबळे केले, हे मला फार उशिरा समजले आणि त्याची खंत अजून जात नाही. पडण्याच्या भीतीने चालणे थांबते, चालणे थांबले की मांड्यांचे स्नायू झिजतात आणि झिजलेले स्नायू माणसाला पुन्हा पाडतात.

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात पाय बळकट करणाऱ्या आणि तोल सांभाळणाऱ्या साध्या व्यायामांचा घरी करण्याजोगा कार्यक्रम तयार झाला. त्याच्या चाचण्यांमध्ये पडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. यातील मुख्य भाग आपल्याला ओळखीचाच आहे: खुर्चीतून उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवत चालणे. स्वतःची परीक्षाही घेता येते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालावे, वळून परत यावे आणि बसावे. याला 12 सेकंद किंवा त्याहून अधिक लागत असतील तर फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. ही परीक्षा कोणीतरी शेजारी उभे असतानाच करावी.

इतके करूनही कोणी पडलेच, तर धावत जाऊन बखोटीला धरून उचलू नका. एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडलेले असण्याचा संभव मोठा असतो. माणसाला हलवू नका आणि 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ‘या वयात ऑपरेशन नको’ असे आपल्याकडे काळजीपोटी म्हटले जाते, पण अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला न्यूमोनिया, पाठीच्या जखमा आणि पायातील रक्ताच्या गाठी गाठतात. म्हणून प्रकृती झेपत असेल तर शक्यतो 48 तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी आणि दुसऱ्या दिवसापासून चालण्याचा प्रयत्न सुरू व्हावा, असाच वैद्यकीय सल्ला आहे.

ज्यांची मुले परगावी किंवा परदेशी आहेत आणि जे एकटे राहतात, त्यांच्यासाठी एक व्यवस्था सुचवतो. घराची एक किल्ली शेजारी द्या आणि रात्री आतली कडी लावू नका, बाहेरूनही किल्लीने उघडता येईल असे कुलूप तेवढे लावा, कारण कडी लागलेली असेल तर शेजाऱ्याच्या हातातील किल्ली निरुपयोगी ठरते. मोबाइल रात्री गळ्यात किंवा खिशात ठेवा, कपाटावर नव्हे. आणि शेजाऱ्यांशी एवढे ठरवून ठेवा की सकाळी आठपर्यंत दारावरची दुधाची पिशवी आत गेली नाही, तर त्यांनी बेल वाजवावी आणि दार उघडले नाही तर किल्ली लावून आत यावे.