रस्ता मोकळा झाला, डबा तोच राहिला

(पुण्यातील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘दात्याचं हृदय टिकवणारी यंत्रं’. त्याकडे येतोच. पण आधी ग्रीन कॉरिडॉरबद्दल बोलू द्या, कारण पुण्यात हृदयाचा विषय निघाला की लोकांना तेवढंच आठवतं. चौकाचौकांत पोलीस उभे राहतात, येरवड्याकडचा रस्ता मोकळा होतो, ॲम्ब्युलन्स भर्रकन लोहगाव विमानतळावर पोचते. पुण्याचा दुचाकीवाला कुणासाठी थांबत नाही म्हणतात, हृदयासाठी थांबतो! (हशा) मला याचा खरोखर अभिमान आहे.

पण त्या ॲम्ब्युलन्समध्ये काय असतं? मी परफ्युजनिस्ट, म्हणजे शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन चालवणारा, त्यामुळे ते जवळून पाहिलंय. पोटॅशियमचं गार द्रावण देऊन हृदय थांबवतात. मग निर्जंतुक पिशवी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि भोवती बर्फ. डबा साधारण सहलीला नेतो तसलाच. गारव्यानं हृदयाची भूक खूप कमी होते, पण संपत नाही. रक्त नाही, प्राणवायू नाही. पेशींत आम्ल साठत जातं. शिवाय बर्फाला टेकलेला भाग दोन अंशांच्याही खाली जातो आणि तिथला स्नायू गारठ्यानंच दुखावतो. वरून बघून यातलं काही कळत नाही.

आता हिशेब ऐका. दात्याच्या महाधमनीला चिमटा (क्लॅम्प) लागल्यापासून रुग्णाच्या छातीत पुन्हा रक्त सुरू होईपर्यंत हाताशी असतात साधारण 4 तास. त्यातला तासभर टाके घालण्यातच जातो. हृदय काढून बांधायचा वेळ वेगळा. प्रवासाला उरतात दोन-अडीच तास.

इथे एक प्रसंग सांगतो. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं तरी सांगणार आहे. विदर्भातल्या एका शहरात अपघातात जखमी झालेला तरुण मेंदूमृत झाला. घरच्यांनी रात्री होकार दिला. इकडे आमच्याकडे रक्तगट जुळणारा, वजनानं जुळणारा रुग्ण, ऑक्सिजनवर. मी माझ्या मशीनच्या नळ्यांची पाकिटं काढून ठेवली होती. प्रत्यारोपणाची जुळवाजुळव करणाऱ्या कोऑर्डिनेटर मॅडम फोन स्पीकरवर टाकून एका कागदावर आकडे मांडत होत्या: तिथल्या रुग्णालयातून विमानतळ, विमान, लोहगाव, तिथून आपलं रुग्णालय. प्रवासी विमानाची वेळ जुळेना. खास विमान सकाळपर्यंत मिळेना. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, तिथल्या वेळाही पाहाव्या लागतात. त्यांनी बेरीज पुन्हा केली, परत केली, आणि कागद उलटा ठेवला. त्या मुलाचं यकृत आणि मूत्रपिंडं तिथेच वापरली गेली. मूत्रपिंड बर्फात दिवसभर तग धरतं. हृदय त्याच्याबरोबर गेलं. दोन दिवसांनी त्याच्या वडिलांनी फोन करून विचारलं, ‘हृदय कुणाला बसवलं?’ मॅडमनी खरं ते सांगितलं.

तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो, रस्त्याचं जेवढं करता येईल तेवढं आपण केलं. आता डब्याकडे बघा. 1967 साली केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं पहिलं हृदय माणसाला बसवलं तेव्हा दाता आणि रुग्ण शेजारशेजारच्या ऑपरेशन थिएटरमध्ये होते. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी 1968 मध्ये, मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. सेन यांनी तो प्रयत्न केला. तो रुग्ण काही तासांतच गेला, पण धाडस केवढं! मेंदूमृत्यूला कायद्यानं मान्यता मिळायला 1994 उजाडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत एम्सला डॉ. वेणुगोपाल यांनी यशस्वी प्रत्यारोपण केलं. यावर स्वतंत्र व्याख्यान होईल. बर्फाची पेटी मात्र तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

सगळ्यात साधा उपाय म्हणजे बर्फाऐवजी 4 ते 8 अंश कायम राखणारी पेटी. दुसरा, अमेरिकेतल्या ट्रान्समेडिक्सचं यंत्र: हृदय उबदार, दात्याच्याच रक्तावर, पेटीत धडधडत राहतं, आणि लॅक्टेट, म्हणजे प्राणवायू कमी पडला की पेशींत साठणारं ते आम्ल, मोजून हृदय कसं आहे याचा अंदाज घेता येतो. 2014 मध्ये सिडनीत रक्ताभिसरण थांबलेल्या दात्यांची हृदयं त्यावर घेतली गेली. यंत्र थोर आहे. पण एकदाच वापरायच्या संचाची किंमत लाखांत, आणि वाटेत पंप बंद पडला तर उबदार हृदयाला रक्त नाही. हाताशी मिनिटंच उरतात.

माझा जीव तिसऱ्यात अडकलाय. स्वीडनमधल्या लुंडचे स्टीग स्टीन यांची पद्धत: हृदय थांबलेलं, 8 अंशांवर, आणि त्यातून तांबड्या पेशी मिसळलेलं, प्राणवायू असलेलं द्रावण हलक्या दाबानं फिरत राहतं. 2024 मध्ये असं एक हृदय कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटांवरून पॅरिसला साध्या प्रवासी विमानानं नेलं. 12 तास! आमच्या मॅडमच्या कागदावर हा आकडा असता तर सकाळचं विमानही चाललं असतं. आणि पंप थांबलाच, तरी हृदय गार आहे. फार तर आपण जुन्या डब्यापाशी येतो. आपल्याकडे हीच गोष्ट सगळ्यात मोलाची.

यात लागतं काय? तांबड्या पेशी न फोडणारा छोटा पंप, वीसेक मिलिमीटर पाऱ्याचा स्थिर दाब, कोरोनरीत, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत, बुडबुडा जाऊ न देणारा सापळा, द्रावणात प्राणवायू मिसळणारा ऑक्सिजनेटर, बॅटरी. भोसरी-चाकणमध्ये याहून बारीक टॉलरन्सचे, म्हणजे मापात जराही फरक न चालणारे, भाग रोज निघतात. अवघड आहे ते द्रावण, परवानग्या आणि आधी डुकराच्या हृदयावरच्या चाचण्या. त्याला वर्षं लागतील आणि पैसे लागतील. इथे कारखानदार बसलेत म्हणून मुद्दाम एक ऑक्सिजनेटर कापून आणलाय. टेबलावर ठेवतो. आतले पोकळ तंतू बघा, हात लावा, आणि पंपाबद्दल कुणाला काही सुचत असेल तर मला आजच गाठा.