राखून ठेवलेली फेणी

[गोवा, सत्तरी तालुका. एप्रिल. डोंगरउतारावरची काजूबाग, सकाळची वेळ.]

काजूचं बोंड झाडावरून ओढून काढायचं नसतं. ते आपण होऊन खाली पडेपर्यंत वाट बघायची. रात्रीतून गळलेली बोंडं सकाळी पाचोळ्यात लाल-पिवळी दिसतात. टोकाला खिळा ठोकलेली काठी घेऊन घरातली माणसं बागेत शिरतात. खिळ्याने बोंड टोचून उचलायचं, बी पिळून वेगळी काढायची, बोंड टोपलीत टाकायचं. बीला घाई नाही. ती वाळवून, भाव बघून विकता येते. बोंड मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही, सालीतूनच पाझरायला लागतं. म्हणून बोंडाच्या रसाची फेणी, म्हणजे दारू, गाळायची भाटी बागेला खेटून असते.

काजू इथला नव्हे. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. आज गोव्यात सुमारे ५५ हजार हेक्टरवर काजू आहे, आणि सत्तरीतल्या माणसाला तो परका आहे असं सांगून बघा!

या घराची बाग आजोबांच्या वडिलांच्या वेळची. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर अबकारी खातं काजू विभागांची पावणी करतं. पावणी म्हणजे लिलाव. ज्याची बोली चढी, त्याला त्या विभागात रस काढून दारू गाळायचा हक्क. यंदा आजोबांच्या धाकट्या मुलाने विभाग घेतलाय. म्हणजे पहिलं बोंड पडायच्या आधीच घराच्या डोक्यावर आकडा बसलेला असतो.

[कोळंबी. पाय.]

ही कोळंबी, म्हणजे बोंडं तुडवायची टाकी. जांभ्या दगडात कोरलेली, एका बाजूला उतार दिलेली. बऱ्याच ठिकाणी आता यंत्र आलंय. इथे अजून पायांनी तुडवतात. थोरली सून म्हणते, "यंत्रात बोंडाचा भुगा होतो, तुरटपणा सगळा रसात उतरतो." तिचं म्हणणं मला पटलं. तुडवून झालेला चोथा गोळा करून त्याची रास रचायची, भोवती रानातली नुडीची वेल आवळायची, वर दगड ठेवायचे. रात्रभर जो रस ठिबकतो, तो नीरो. तो दारूसाठी नव्हे, सकाळी पेल्यात ओतून प्यायचा. आधी तुडवून निघालेला रस मात्र मडक्यांत जातो आणि तीनेक दिवस आपला आपण आंबतो. त्यात ना साखर घालायची, ना बाहेरचं यीस्ट.

इथून सात समुद्रांपलीकडे, पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातही दगडी टाकीत उतरून द्राक्षं पायांनी तुडवतात. त्या टाकीला तिथे लागार म्हणतात. त्या खोऱ्याच्या हद्दी १७५६ सालीच कायद्याने आखल्या गेल्या. तिथल्या जुन्या घराण्यांची लाल पोर्ट वाइन आंबत असतानाच तिच्यात द्राक्षांची कडक दारू ओततात. आंबणं थांबतं, गोडवा टिकतो. त्यातली निवडक दोनेक वर्षं लाकडात काढते आणि मग बाटलीत वीस-वीस, तीस-तीस वर्षं पडून राहते. सालीतला रंग आणि तुरटपणा एकमेकांत मिसळून तळाशी गाळ बसतो, वाइन मवाळ होते. गोव्यातल्या दुकानांत पोर्ट म्हणून जी गोड लाल बाटली मिळते तिचा या खोऱ्याशी संबंध नाही. तिची द्राक्षंसुद्धा घाटावरून येतात.

राखून ठेवल्यावर फेणीचं तसं होतं का? यावर भाटीवर रोज वाद होतो.

[भाटी. धूर. भाण्याच्या तोंडावर माती लिंपली जात आहे.]

तांब्याच्या भाण्यात आंबलेला रस ओतला, झाकण बसवलं. आता फटी बुजवायला वारुळाची माती. ती चिकट असते, तापली तरी तडकत नाही. खाली लाकडं. सगळी कसोटी इथे लागते. जाळ जास्त झाला तर रस उसळून नळीत चढतो आणि दारूला करपट वास धरतो. मग तो काही केल्या जात नाही. आजोबा जाळाकडे बघतसुद्धा नाहीत, कान लावून बसतात. भाण्यातला आवाज जड झाला की एक लाकूड बाहेर ओढतात.

पहिल्या वेळी उतरते ती हुराक. पंधरा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क, चव हलकी. लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का घालून एप्रिल-मेच्या दुपारी पितात. ती टिकत नाही, आणि टिकवायच्या भानगडीत कोणी पडतही नाही. राहिलेली हुराक आंबलेल्या रसात मिसळून परत भाण्यात जाते. दुसऱ्यांदा उतरते ती फेणी, सुमारे ४२ टक्के. ताकद मोजायला काचेचा ग्राव आहे. तरी आजोबा आधी थोडी फेणी बाटलीत घेऊन हलवतात, वर धरलेले बुडबुड्यांचे मणी किती वेळ टिकतात ते बघतात आणि मगच मुलाला ग्राव बुडवू देतात. दोघांचं उत्तर बहुतेक वेळा जुळतं. जुळलं नाही तर ग्राव पुसून पुन्हा बुडवला जातो.

काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ साली सरकारने तिला गोव्याचं वारसा पेय ठरवलं. त्याआधी कायद्याच्या लेखी ती नुसती देशी दारू होती.

[माजघर. कोपऱ्यात वेताने विणलेले गर्राफांव.]

या पोटफुग्या काचेच्या बरण्या म्हणजे गर्राफांव. यात घरची फेणी राखून ठेवतात. सर्दीला, पोटदुखीला, अंग चोळायला. आणि गावच्या राखणदार देवाला सोरो-रोट, म्हणजे दारू आणि रोट, द्यायचा असतो, त्या दिवसाला. बाटलीतल्या लाल वाइनसारखं काचेतल्या फेणीत फार काही घडत नाही. तिच्यात ना साल आहे, ना रंग. वर्ष-दोन वर्षांत नाकाला झोंबणारा उग्रपणा तेवढा उतरतो. हल्ली काहीजण ती लाकडी पिंपात मुरवतात. रंग सोनेरी येतो, चवही बरी लागते, खोटं कशाला बोला. पण काजूचा वास मग शोधावा लागतो. जो वास लपवायचाच आहे त्यासाठी पहाटेपासून बोंडं कोणी वेचावी?

विकत घेणारा ग्रावचा आकडा विचारतो, किती वर्षांची ते विचारत नाही. त्यामुळे राखून ठेवायची ती विकायची गरज उरली नाही तरच.

धाकट्या सुनेने आजोबांना विचारलं, "बाबा, यंदा किती गर्राफांव भरायचे?"

"आधी पावणीचे पैसे फिटू देत," आजोबा म्हणाले. "मग सांगतो."