भिकूच्या घरी कोण गेलं असेल?

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे भाईलोकांच्या सिनेमाबद्दल. या सिनेमांनी पोरं बिघडवली, असं पारावर नेहमी ऐकू येतं. मला ते पटत नाही. चांगला टोळीचा सिनेमा त्या भाईचाऱ्याचं सोंग उतरवतो. पुन्हा सांगतो, सोंग उतरवतो.

१९९८ साली राम गोपाल वर्मांचा ‘सत्या’ आला. आमच्या तालुक्याच्या टॉकीजला तो पोचला तोवर थंडी पडली होती. जिनिंगवर कापूस खाली केला आणि आम्ही पाच जण त्याच ट्रॅक्टरनं शेवटच्या शोला गेलो. त्या टॉकीजच्या जागी आज मंगल कार्यालय आहे, याचं मला अजून वाईट वाटतं. सिनेमा पाहावा तो गावासोबत, मोबाइलवर एकट्यानं नाही.

तर आमच्यातला एक गडी तेव्हा रेतीवाल्या एका दादाच्या मागं फिरायचा. रात्री घाटावरून ट्रॅक्टर निघाले की रस्त्यावर पहारा द्यायचा. दादानं त्याला जॅकेट घेऊन दिलं होतं. चारचौघांत ‘हा माझा लहान भाऊ’ म्हणायचा. इकडं रात्रीची लाइन आली की सख्खा भाऊ एकटाच हरभऱ्याला पाणी देत होता.

सिनेमातला टोळीचा भाई भिकू म्हात्रे समुद्राकडं तोंड करून ओरडला, तेव्हा आमचा गडी खुर्चीवर उभा राहून शिट्ट्या मारत होता. पुढं त्यातला पुढारी भाऊ ठाकरे निवडणूक जिंकतो. ज्या भाऊसाठी भिकू राबला, तोच भाऊ त्याला गोळी घालतो. शिट्ट्या बंद. परतताना ट्रॉलीत कोणी बोलेना. गावाच्या नाल्याजवळ आल्यावर तोच म्हणाला, “काऊन बे, भिकूच्या बायकोले सांगाले कोन गेलं असन?”

कोणाकडंच उत्तर नव्हतं.

परदेशातही हेच दिसतं. मार्टिन स्कॉर्सेसींचा ‘गुडफेलाज’, १९९०चा, खऱ्या घटनांवर बेतलेला. १९७८ साली न्यूयॉर्कच्या विमानतळावर मोठा दरोडा पडला. पैसा हाती आला आणि टोळीतली माणसं एकेक करून मारली गेली. शेवटी टोळीतलाच हेन्री हिल कोर्टात आपल्याच साथीदारांविरुद्ध साक्ष देतो. आपल्याकडं २००२च्या ‘कंपनी’त मलिक आणि चंदू, एका ताटातले दोघं, एकमेकांच्या जिवावर उठतात. वाटा आला की भाईचारा जातो. वाटा आला की जातो.

आणि आपल्या चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स पाहा. मिसरूड न फुटलेली पोरं, गॉगल, वर ‘भाऊ’ लिहिलेलं. ग्रामपंचायतीनं हे फ्लेक्स काढून टाकावेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या गड्यानं दादाला लगेच सोडलं नाही. दोन महिन्यांनी रेतीचा ट्रॅक्टर पकडला, वर हाच बसलेला. दादाला विचारलं, तर म्हणाला, “मी नाही वळखत या पोट्ट्याले.” सोडवायला सख्ख्या भावानं हरभरा विकला.

ती पहिली रात्र मला आठवते. त्याच्या घरी सांगायला दादाचा एकही माणूस आला नाही. आम्ही चौघं गेलो. आईनं कंदील वर धरून आमच्या तोंडाकडं पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “जेवला का थो?”