गप्प बसवलेली जनुकं

'अमुक आजाराचं जनुक सापडलं' अशी बातमी आली की मला चुटपुट लागते. जनुक सापडलं, ठीक. पण ते कुठल्या पेशीत वाचलं जातं, कधी, किती? ते कोणी विचारत नाही. इन्सुलिनचं जनुक यकृताच्या पेशीतही जसंच्या तसं आहे. यकृत इन्सुलिन बनवत नाही. दृश्यकेंद्रकी, म्हणजे केंद्रक असलेल्या, पेशीचं सगळं कसब या न वाचण्यात आहे. त्याचे टप्पे आज सांगायचेत, पण आधी माझी आवडती गोष्ट.

हात वर करा बघू: गर्भातल्या हिमोग्लोबिनची जनुकं आत्ता कोणाकोणाच्या अंगात आहेत? तीनच हात? सगळ्यांचे यायला हवे होते! गर्भात असताना आपण हिमोग्लोबिनचा गॅमा ग्लोबिन हा घटक वापरतो. जन्मानंतर काही महिन्यांत त्याची जागा बीटा ग्लोबिन घेतं. गॅमाची जनुकं मात्र कुठे जात नाहीत, ती नुसती गप्प बसवली जातात.

सिकलसेलमध्ये बिघाड असतो तो बीटाच्या जनुकात, डीएनएच्या एका अक्षराचा. १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन या डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं की हा आजार घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तात कोयत्याच्या आकाराच्या पेशी फार कमी दिसतात. गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला सांभाळत असणार, असा त्यांनी कयास बांधला. केवढी नजर! मग मोठेपणी गॅमाला पुन्हा बोलतं करता आलं तर? पण त्याला गप्प कोण बसवतं, हे कळायला २००८ उजाडलं. बीसीएल११ए नावाचं प्रथिन.

मग तेच काढून टाकायचं? नाही ना! मेंदूच्या जडणघडणीला आणि बी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींनाही ते लागतं. इथेच माझा मुद्दा येतो. बीसीएल११एच्याच जनुकात, प्रथिनाची माहिती नसलेल्या एका इंट्रॉनमध्ये, एक एन्हान्सर, म्हणजे जनुकाचं वाचन वाढवणारा डीएनएचा तुकडा, आहे. तो फक्त तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींच्या वंशात काम करतो. रुग्णाच्या रक्तमूळपेशी बाहेर काढून क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने तेवढा एन्हान्सरच मोडला, की तांबड्या पेशींत बीसीएल११ए घटतं, गॅमा जागं होतं आणि बाकी शरीरातलं बीसीएल११ए शाबूत राहतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने या उपचाराला मान्यता दिली. सिकलसेलचं सदोष अक्षर तसंच राहिलं, बदललं ते नियंत्रण.

घड्याळाकडे खुणा होताहेत, तेव्हा कबूल केलेले टप्पे भराभर घेतो. सुमारे दोन मीटर डीएनए केंद्रकात मावतो, कारण अक्षरांच्या दर १४७ जोड्या हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या असतात. हिस्टोनांवर ॲसिटिल हे रासायनिक गट चढले की गुंडाळी सैल होते, वाचन सोपं होतं. प्रमोटरवर, म्हणजे जनुकाचं वाचन जिथून सुरू होतं त्या भागावर, मिथाइल गट बसले की बहुधा जनुक बंद. एन्हान्सर दूर असला तरी डीएनएला वळसा पडून तो प्रमोटरजवळ येतो. सॉनिक हेजहॉग या जनुकाचा हातापायांसाठीचा एन्हान्सर त्या जनुकापासून जवळजवळ दहा लाख अक्षरं दूर आहे, आणि त्यातल्या एका अक्षराच्या बदलानेही जादा बोट येऊ शकतं!

जनुकाची नक्कल, म्हणजे आरएनए, तयार झाल्यावरही नियंत्रण थांबत नाही. स्प्लायसिंगमुळे, म्हणजे आरएनएचे तुकडे कापून-जोडून, एकाच जनुकातून वेगवेगळी प्रथिनं निघतात, हे राहूनच चाललं होतं. मायक्रोआरएनए हे आखूड आरएनए तयार संदेशाला अडवतात किंवा त्याचा नाश घडवतात. पहिला १९९३ मध्ये एका इवल्या कृमीत सापडला, नोबेल मिळालं २०२४ मध्ये. शेवटी प्रथिनावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण चढली की त्याचीही विल्हेवाट लागते. एक्स गुणसूत्राबद्दल बोलायचं राहिलं, ते कोणीतरी प्रश्नात विचारा.