न्यूट्रलमधला कसारा घाट

(नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीत, आयटीआयमधून निवृत्त झालेल्या शिल्पनिदेशकांनी रहिवाशांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)

आल्या आल्या चहाबरोबर तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘सर, अ‍ॅव्हरेज वाढवायला पेट्रोलमध्ये काही टाकता येतं का?’ काही टाकू नका. उजवा पाय जरा हलका करा, बस्स. पण एवढं बोलून खाली बसलो तर तुमचे सेक्रेटरी रागावतील, म्हणून थोडं बोलतो.

मुंबईला जाताना कसारा घाट लागला की गाडी न्यूट्रलला टाकणारे किती जण आहेत? हात वर करा, लाजू नका. बघा, निम्मी खोली! आणि हे शिकवलं कोणी? वडिलांनी. तेही पेट्रोलच्या बाबतीत चुकत नव्हते बरं का. त्यांच्या फियाटला कार्बोरेटर होता. त्यात इंजिन जेवढी हवा ओढणार, तेवढं पेट्रोल सोबत खेचलं जाणार. उतारावर गाडी गिअरमध्ये असली की चाकं इंजिनाला जोरात फिरवायची आणि गरज नसताना पेट्रोल आत जात राहायचं. न्यूट्रलला इंजिन हळू फिरायचं, कमी प्यायचं.

२००० सालाच्या आगेमागे प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर गेला, कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं. गाडी बदलली, सवय मात्र वारसाहक्काने आपल्याकडे आली. आजच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललात आणि इंजिनाचे फेरे पुरेसे असले, की कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करतो. कमी नाही, बंद. इंजिनाला चाकं फिरवतात. न्यूट्रलला टाकलंत की चाकांचा आधार सुटतो आणि इंजिनाला चालू राहण्यासाठी पेट्रोल घ्यावंच लागतं. म्हणजे पूर्ण घाटभर आपण वाचवतोय म्हणून जे करतो, त्यात जाळतोच.

प्रामाणिकपणे सांगतो, अगदी सौम्य उतारावर, जिथे गिअरमध्ये गाडी रेंगाळते आणि पुन्हा रेस द्यावी लागते, तिथे न्यूट्रलला चार थेंब वाचतीलही. कसारा तसला उतार नाही. तिथे न्यूट्रल म्हणजे सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर धरत नाही. काही बहाद्दर तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. जुने ट्रकवाले सांगतात तेच करा: ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

शहरातही तोच नियम लावा. मुंबई नाक्याचा सिग्नल लांबून लाल दिसतोय, तरी आपण रेस देत जातो आणि शेवटी कचकन ब्रेक मारतो. ते पेट्रोल आपण विकत घेऊन ब्रेक तापवायला वापरलं. लांबूनच पाय उचला, गिअरमध्येच येऊ द्या. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करा.

वेगाबद्दल फार बोलत नाही, आकडाच सांगतो. समृद्धीवर १२०ची मुभा आहे. ८० वरून १२० वर गेलात की हवेचा विरोध दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. इगतपुरीला दहा मिनिटं लवकर पोचायची किंमत काय, ते ज्याचं त्याने ठरवावं.

पण हे सगळं खरं की खोटं, ते मोजल्याशिवाय कळणार नाही. गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा थोडा लाडावलेला असतो. एकाच पंपावर, पहिल्या ऑटो-कटला, म्हणजे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होतं तिथे, टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी तिथेच पुन्हा पहिल्या कटला भरा, किलोमीटरला लिटरने भागा. असं तीन-चार टाक्या करा, एका टाकीवर विश्वास ठेवू नका. महिन्याला १००० किलोमीटर चालवणाऱ्याचं अ‍ॅव्हरेज १५ वरून साडेसतरा झालं, तर साडेनऊ लिटर वाचतं. लिटरला १०५ धरलात तर हजार रुपये. आणि ज्याची गाडी १० देते त्याने आधी लक्ष द्यावं. १० चे १२ केले तर त्याच हजार किलोमीटरला पावणेसतरा लिटर वाचतं, २० चे २४ केले तर सव्वाआठच.

पुढच्या रांगेतून ई-२० चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, विचारताहेत. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे वीस टक्के मिसळल्यावर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. मेकॅनिकशी त्यावरून भांडू नका, त्याचा दोष नाही. एअर फिल्टरही असाच बदनाम आहे. इंजेक्शनच्या गाडीत तो चोंदला की ओढ कमी होते, अ‍ॅव्हरेजवर फारसा फरक पडत नाही.

हवेचं राहिलंच. टायरवर कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी मारायची नसते. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, आणि हवा टायर गार असताना बघायची. तुमच्या गाड्या सकाळपासून खाली उभ्याच आहेत ना? मी गेज आणलंय. चला पार्किंगमध्ये, स्टेपनीपासून सुरू करू.