आधी गाळा, मग मारा

मंडळी, चहाच्या आधी जंतांवर बोलायला उभा राहिलोय, सांभाळून घ्या. चहानंतर बोललो असतो तर तुम्ही मला पुन्हा बोलावलं नसतं.

परवा बाणेरकडच्या एका सोसायटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, बघायला गेलो होतो. सेक्रेटरींनी कौतुकानं काचेचा ग्लास भरून उजेडात धरला. पाणी खरोखर नितळ. रिपोर्टही चांगला, बीओडी, म्हणजे पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचं माप, १० च्या आत. मी ऑपरेटरला विचारलं, ‘सँड फिल्टरचा बॅकवॉश कधी घेतोस?’ म्हणजे वाळूची गाळणी उलट्या पाण्यानं कधी धुतोस. तो खाली बघायला लागला. ‘सर, फिल्टर बायपासवर आहे. बागेला प्रेशर मिळत नव्हतं. पण हायपो रोज टाकतो, जरा जास्तच.’ म्हणजे पाणी वाळूला वळसा घालून थेट बागेला, आणि त्यात नुसतं क्लोरीनचं द्रावण. व्हॉल्व्हचं चाक गंजून जाम झालेलं. वर हिरवळीवर स्प्रिंकलर सुरू आणि पोरं अनवाणी खेळतायत.

त्या ऑपरेटरला मी दोष देत नाही. फिल्टर कशासाठी असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी एक कॅन भरून आणला, रात्रभर स्थिर ठेवला, तळचा गाळ झिंक सल्फेटच्या द्रावणात घातला. ते द्रावण अंड्यांपेक्षा जड, म्हणून त्यात अंडी वर तरंगतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं तपकिरी, खडबडीत कवचाचं अंडं. मोठ्या जंताचं, म्हणजे ॲस्कॅरिसचं. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते आणि ती ओल्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. शाळेत आपण पोरांना जंताची गोळी, अल्बेंडाझोल, देतो आणि संध्याकाळी त्यांना याच हिरवळीवर सोडतो. मला याचा राग येतो.

हे एका सोसायटीपुरतं नाही. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, शहराचं प्रक्रिया केलेलं पाणी कालव्यात आणि तिथून शेतीला जातं. पुण्यात चर्चा होते ती किती एमएलडीचा, म्हणजे दिवसाला किती दशलक्ष लिटरचा, प्लांट झाला याची. अंडी मोजली का, असं कुणी विचारत नाही. २०१७ च्या केंद्रीय मानकांत फीकल कोलिफॉर्मला, म्हणजे विष्ठेतल्या जिवाणूंना, मर्यादा आहे, अंड्यांना नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र १९८९ मध्येच सांगितलंय की कच्च्या खायच्या भाजीला द्यायच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त एक अंडं चालेल.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग मुद्द्याचं भराभर सांगतो.

क्लोरीन जिवाणू मारतो, बरेच विषाणूही. पण पाणी आधी स्वच्छ हवं, अमोनिया कमी हवा आणि अर्धा तास संपर्क हवा. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा सूक्ष्म परजीवी मात्र क्लोरीनला दाद देत नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकीत १९९३ मध्ये त्यानं सुमारे चार लाख लोक आजारी पाडले. त्याला यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाश, लागतो. जंताचं अंडं नेहमीच्या यूव्हीलाही पुरून उरतं. पण ते ५० ते ७० मायक्रॉनचं, जड असतं. खाली बसतं, वाळूत अडकतं. तेव्हा आधी निवळणं, मग वाळू, मग यूव्ही, शेवटी क्लोरीन. हा क्रम मोडू नका.

अडकलेली अंडी गाळात जिवंतच असतात. तो गाळ कच्चा कुंड्यांत घालू नका. ५५ अंशांच्या वर बरेच दिवस तापलेलं, नीट उलथापालथ केलेलं कंपोस्ट होऊ द्या.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला फिल्टरचा व्हॉल्व्ह स्वतः जाऊन बघा. बायपासवर असेल, तर दुरुस्त होईपर्यंत स्प्रिंकलर बंद ठेवा आणि पाणी ठिबकनं मुळाशी द्या. आता प्रश्न विचारा.